चहाडी की साक्ष : इंदुरातल्या परीक्षेच्या एका पेपरचं प्रकरण

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. रामबागेतल्या आमच्या घरी गल्लीतली एक मुलगी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, “काकू, तुम्ही नकल प्रकरणांच्या कमिटीवर होतात ना? मला एक विचारायचंय. पण आईला सांगू नका.”

परीक्षेतल्या नकलेची प्रकरणं तपासणाऱ्या त्या कमिटीवर मी सहा वर्षं होते. इंदुरातल्याच एका खाजगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. मुलीचं कॉलेज वेगळं आणि तिथे माझं ओळखीचं कुणी नाही, त्यामुळे निर्णय माझ्या हातात नव्हता, मी फक्त सल्ला देऊ शकत होते. त्या सल्ल्यातला एक भाग चुकला, म्हणूनही हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं देत नाही. जिने पाहिलं तिला ‘पाहणारी’ म्हणते आणि जिच्याबद्दल पाहिलं तिला ‘लिहिणारी’.

दोघी एकाच गल्लीतल्या, बालवाडीपासूनच्या मैत्रिणी, दोघीही बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला. लिहिणारीच्या वडिलांचं दुकान बंद पडलं तेव्हापासून तिची आई घरगुती डबे करते. पाहणारीच्या आजीची पोळी-भाजी त्यांच्याकडून येते. माझाही दुपारचा डबा त्यांच्याकडूनच यायचा. हेही सुरुवातीलाच सांगायला हवं.

डिसेंबरात पहिल्या सेमिस्टरची परीक्षा झाली. फार्मास्युटिक्सचा पेपर, ७५ गुणांचा, तीन तासांचा. पाहणारी म्हणाली, “तिने नकल केली.” (इंदुरात कॉपी म्हणजे उत्तरपत्रिका. तिकडे महाराष्ट्रात ज्याला कॉपी म्हणतात त्याला आम्ही नकल म्हणतो, आणि चिठ्ठीला फर्रा.) मी तिला तिथेच थांबवलं. तिने नकल केली हा तुझा निष्कर्ष झाला, म्हटलं. डोळ्यांना काय दिसलं तेवढं सांग.

मग तिने सांगितलं ते असं. लिहिणारी तिच्या पुढच्या बाकावर, उजवीकडे तिरकी बसली होती. दीड तास झाला असेल. वीक्षक, म्हणजे हॉलमधले पर्यवेक्षक, दारापाशी पुरवण्यांचा हिशोब लिहीत उभे होते. लिहिणारीने कॅल्क्युलेटर उचलला, त्याचं सरकतं झाकण अंगठ्याने अर्धं मागे ढकललं, झाकणाच्या आतल्या बाजूला पाहिलं, झाकण लावलं आणि लिहायला लागली. दहा मिनिटांनी पुन्हा तसंच. आत पांढरा कागद चिकटवलेला होता, करंगळीएवढा. त्यावर काय लिहिलं होतं ते पाहणारीला दिसलं नाही. पेपर सुटल्यावर जिन्यात लिहिणारी हसून म्हणाली, “यंग आणि क्लार्कने वाचवलं गं आज.”

यंग आणि क्लार्क म्हणजे लहान मुलांच्या औषधाची मात्रा काढायची दोन जुनी सूत्रं. यंगचं सूत्र वयावर चालतं: वयाला वय अधिक बाराने भागायचं आणि मोठ्यांच्या मात्रेने गुणायचं. चार वर्षांच्या मुलाला म्हणजे पाव मात्रा. क्लार्कचं सूत्र वजनावर. त्या पेपरात या दोन सूत्रांवर पाच गुणांचा प्रश्न आला होता.

आता यातून काय सिद्ध होतं? झाकणात कागद होता आणि लिहिणारीने दोनदा आत पाहिलं, एवढं नक्की. तो कागद फर्राच होता, हे जिन्यातल्या त्या वाक्यावरून वाटतं. पण ‘वाचवलं’ याचा अर्थ रात्री पाठ केलेलं कामी आलं असाही होतो. हा कीस मी उगाच काढत नव्हते. आमच्या कमिटीपुढे एकदा एक घडी घातलेला कागद आला होता, मुलाच्या कंपासपेटीतून काढलेला, वर वीक्षकांचा शेरा ‘नकल सामग्री’. आम्ही तो टेबलावर उघडला तर आत खजराण्याच्या गणपतीचा शेंदूर होता. तो मुलगा दहा दिवस धड जेवला नव्हता म्हणून त्याची आई बाहेर बसून रडत होती. तेव्हापासून ‘पाहिलं’ आणि ‘वाटलं’ हे दोन शब्द मी एकत्र येऊ देत नाही.

फेब्रुवारीत निकाल लागला. एकूण गुणांत लिहिणारी तीन गुणांनी पुढे. हे तीन गुण महत्त्वाचे होते, कारण समाजातल्या एका न्यासाकडून पहिल्या सेमिस्टरच्या गुणांवर एकाच मुलीला शिष्यवृत्ती मिळते, वर्षाच्या फीच्या निम्मी. लिहिणारी पहिली, पाहणारी दुसरी. प्रश्न पाच गुणांचा आणि फरक तीन गुणांचा. हे गणित पाहणारीने अर्थातच केलेलं होतं.

“सांगितलं तर चहाडखोर, नाही सांगितलं तर मूर्ख,” ती म्हणाली. “सगळे म्हणणार, मार्क कमी पडले म्हणून आठवलं.”

मी विचारलं, “तुला तीन मार्क जास्त असते तर आली असतीस माझ्याकडे?”

ती पाण्याच्या भांड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, “नसते आले.”

या उत्तराने माझा तिच्यावर विश्वास बसला. पण ते उत्तर तिच्याच विरुद्ध जातं हेही खरं, आणि या प्रकरणातली सगळ्यात अवघड गाठ तीच आहे. जिने पाहिलं तिचाच त्यात फायदा आहे. अशा वेळी दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, हेतू शुद्ध नाही तर तोंड उघडू नये. दुसरं म्हणतं, खरं ते खरं, हेतूचं काय घेऊन बसलात. मला दोन्ही पटत नाहीत. हेतू मिसळलेला असला म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं खोटं होत नाही. पण मनात फायदा असला की आठवण हळूहळू त्या फायद्याच्या बाजूने सरकते. करंगळीएवढा कागद तळहाताएवढा होतो, ‘अक्षरं दिसली नाहीत’चं ‘सूत्रं लिहिली होती’ होतं. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला तसंच आठवायला लागतं. म्हणून मी तिला विचारलं, निकालाच्या आधी कुणाला बोलली होतीस का?

पुण्याला शिकणाऱ्या भावाला तिने पेपरच्याच दिवशी संध्याकाळी मेसेज केला होता. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. वेळ ६ वाजून ४० मिनिटं. “आज तिने कॅल्क्युलेटरच्या झाकणात कागद आणला होता. दोनदा बघितलं. मला कसंतरीच होतंय.” भावाने अंगठा पाठवला होता आणि पुढे क्रिकेटचं काहीतरी.

म्हणजे तिने पाहिलं ते निकालाच्या आधी, आणि अस्वस्थताही आधीचीच. निकालाने फक्त तिला उठवून माझ्या दारात आणलं.

मग तिने पिशवीतून एक टाइप केलेलं पत्र काढलं. प्राचार्यांच्या नावे, खाली ‘एक विद्यार्थिनी’. मी ते वाचून परत दिलं. आमच्याकडे अशी पत्रं यायची. लिहिणाऱ्याला ना प्रश्न विचारता येत, ना त्याची जागा कुठे होती ते कळत, ना भांडण आहे का ते तपासता येत. काही खरीही असतील. पण एका पत्रामुळे एका मुलावर वर्षभर सगळ्यांची नजर राहिली, हाती काहीच लागलं नाही आणि तो मुलगा तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून गेला. पत्र कुणी लिहिलं ते आजही माहीत नाही.

चहाडी करू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात, आणि ते बरोबरच शिकवतात. चहाडी पाठीमागे होते, मोठ्यांच्या कानाशी लागून, स्वतःचं काहीतरी साधण्यासाठी, आणि सांगणारा लगेच बाजूला होतो. साक्ष द्यायची तर नाव सांगून उभं राहावं लागतं. जिच्याबद्दल बोलायचं तिच्या तोंडावर तेच वाक्य म्हणता यायला हवं. पाहिलं त्याच्या पुढे एक शब्द जायचा नाही, आणि उलट प्रश्न आले तर बसून उत्तरं द्यायची. बातमी तीच असते, पण ती सांगताना माणूस कुठे उभा राहतो यावर ती चहाडी की साक्ष हे ठरतं. मी पाहणारीला म्हटलं, या पत्रातलं वाक्य तिच्यासमोर म्हणू शकशील का ते आधी बघ.

निनावी राहण्याला जागाच नाही असं मात्र मी म्हणणार नाही, निदान या शहरात राहून तरी नाही. २०१३ च्या जुलैत इंदूर पोलिसांनी पीएमटीला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, दुसऱ्यांच्या नावाने बसायला आलेल्या २० जणांना पकडलं आणि व्यापमचं, म्हणजे मध्य प्रदेशच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाचं, सगळं प्रकरण उघडं पडत गेलं. त्यात ‘इंजिन-बोगी’ हा शब्द तेव्हा घराघरात गेला: हुशार मुलगा मध्ये, तो इंजिन, आणि पैसे दिलेले उमेदवार पुढेमागे, त्या बोगी. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, २०१७ मध्ये ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरवले. त्या प्रकरणाशी जोडलेल्या किती जणांचे मृत्यू झाले ते आपण वाचलेलं आहे. जिवाला धोका असेल तिथे नाव लपवणं हा शहाणपणा आहे. पण झाकणातल्या चिठ्ठीबद्दल बोलताना पाहणारीला भीती होती ती गल्लीची, आजीच्या पोळ्यांची, मैत्रीची. ही भीतीसुद्धा खरीच. फक्त तिला व्यापमच्या तराजूत घालता येत नाही, आणि लिहिणारीलाही नाही. “एवढं मोठं व्यापम झालं, तिथे एका पोरीचा फर्रा काय घेऊन बसलीस,” असं पाहणारीचा मामा म्हणाला होता. मला ते पटलं नाही. तिथेही कुठल्यातरी बाकावर बसलेल्या मुलाला शेजारचा इंजिन आहे हे दिसत असणार.

हॉलमध्येच, त्याच मिनिटाला, उठून वीक्षकांना सांगायला हवं होतं का? पुराव्याच्या दृष्टीने हो. त्या क्षणी कागद झाकणात असतो. वीक्षक तो आणि उत्तरपत्रिका जमा करून घेतात, मुलीची सही-जबाब घेतात, नवी उत्तरपत्रिका देऊन तिला पेपर पूर्ण करू देतात, आणि प्रकरण कमिटीकडे जातं. दोन महिन्यांनी उरतो तो फक्त शब्द. पण म्हणून तिने तेव्हा चूक केली असं मी मानत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात १८४२ पासून आणि प्रिन्स्टनमध्ये १८९३ पासून विद्यार्थ्यांची सचोटीची संहिता आहे. प्रिन्स्टनमध्ये ती आली तीच परीक्षेतले पर्यवेक्षक काढून टाकण्यासाठी, आणि त्या बदल्यात नकल दिसली तर कळवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांनी स्वतःवर घेतली. तो करार आहे. आपल्याकडे असा करार कुणी केलेला नाही. आपल्या हॉलमध्ये वीक्षक असतात, लक्ष ठेवणं हे त्यांचं काम, आणि पेपर सोडवता सोडवता अठरा वर्षांच्या मुलीने ते करावं अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. दिसलेली प्रत्येक नकल कळवलीच पाहिजे असं कर्तव्य मला मान्य नाही. इथे मात्र त्या गुणांवर तिसऱ्याचे पैसे कुणाला जाणार हे ठरत होतं, आणि त्या तिसऱ्याला, म्हणजे न्यासाला, काहीच माहीत नव्हतं. माझ्यासाठी फरक तिथे पडला.

आणखी एक मुद्दा पाहणारीने मांडला, जो अशा वेळी सगळेच मांडतात: “उद्या ही औषधं देणार, कुणाचं मूल दगावलं तर?” हा मुद्दा ऐकायला सगळ्यात जोरदार आहे, आणि म्हणूनच तो नीट तपासायला हवा. माझ्या दिरांचं औषधांचं दुकान आहे, माल दवा बाजारातून येतो, चाळीस वर्षं काउंटरवर उभे आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, “वहिनी, यंग आणि क्लार्क कुणी वापरत नाही आता. डॉक्टर मुलाच्या वजनावर मात्रा लिहितात.” मग त्यांनी कागदावर दाखवलं. बारा किलोचं मूल, तापासाठी पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. सिरप दोन ताकदींचं मिळतं: पाच मिलीत १२५ आणि पाच मिलीत २५०. पहिल्यातून द्यायचं तर सव्वासात मिलीच्या आसपास, दुसऱ्यातून साडेतीनच्या थोडं वर. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं तर मात्रा दुप्पट. “हे पाठांतराचं काम नाही. प्रत्येक वेळी बाटली फिरवून आकडा वाचायचा, एवढंच,” ते म्हणाले. तेव्हा ‘सूत्र पाठ नाही, म्हणून ही धोकादायक’ हा मुद्दा मी पाहणारीला सोडायला लावला. साक्षीला वजन यावं म्हणून तिच्यावर असा दगड ठेवला की साक्षच वाकडी होते.

तिची शेवटची शंका: “पोलीस केस होईल का हो? तो नवीन कायदा?” २०२४ चा सार्वजनिक परीक्षांचा केंद्रीय कायदा त्या वर्षी २१ जूनपासून लागू झाला. पण तो यूपीएससी, एसएससी (म्हणजे कर्मचारी निवड आयोग, दहावी नव्हे), रेल्वे, बँक भरती, नीट-जेईई घेणारी एनटीए यांच्या परीक्षांसाठी आहे, आणि त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे. कॉलेजच्या सेमिस्टरचं प्रकरण कमिटीपुढे जातं, आणि शिक्षेच्या पायऱ्या साधारण तो पेपर रद्द, पूर्ण परीक्षा रद्द, पुढच्या परीक्षेला बंदी अशा असतात. शिवाय ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा करता येत नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश बोर्डाविरुद्ध घनश्यामदास गुप्ता या खटल्यात हे स्पष्ट केलं: परीक्षा समिती अशा वेळी न्यायनिवाड्यासारखंच काम करते, म्हणून विद्यार्थ्याला आपली बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे. मी हे तिला मुद्दाम सांगितलं. तू सांगितलंस म्हणून ती दोषी ठरत नाही. तू पाहिलेलं सांगशील, ती तिचं सांगेल, आणि ठरवतील ते दुसरेच.

मग मी तिला म्हटलं, आधी तिच्याशी बोल. कॉलेजला जाण्याआधी तिला कळायला हवं. हा सल्ला मी आजही देईन. पण तो मी अर्धाच दिला.

दोघी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी भेटल्या. पाहणारीने वाक्य बदललं नाही: “तू झाकण सरकवून दोनदा आत बघितलंस, आत कागद होता, मी पाहिलं.” लिहिणारी आधी म्हणाली, काहीतरीच काय. मग म्हणाली, त्या हॉलमध्ये निम्म्यांकडे होतं. मग रडली. बाबा घरात बसून असतात, आई पहाटे चारला उठते, फी भरायला या वर्षी पाटल्या मोडल्या, पहिल्याच पेपरला डोकं रिकामं झालं असतं तर घरी तोंड कसं दाखवलं असतं. हे सगळं खरं होतं, गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिने पाहणारीला फोन केला: “मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत नाही. तू भर. विषय संपला, हं?”

पाहणारी धावत माझ्याकडे आली. “काकू, सुटलं!”

मलाही सुटल्यासारखं वाटलं. कुणाचं नाव कुठे गेलं नाही, कुणाची परीक्षा रद्द झाली नाही, ज्या पैशावर तिचा हक्क नव्हता तो तिने सोडला. मी मुलीला बेसनाचा लाडू दिला. रात्री झोपले. पहाटे जाग आली ती एका शब्दाने: मोबदला. हा गप्प बसण्याचा मोबदला होता. लिहिणारीने शिष्यवृत्ती सोडली नव्हती, तिने तिची किंमत देऊन मौन विकत घेतलं होतं, आणि पाहणारी ते घेणार होती. शिवाय न्यासाला काय कळलं असतं? पहिली आलेली गरीब घरची मुलगी अर्जच करत नाही, दुसरी करते. कधीतरी लिहिणारीच्या तोंडून निघालं असतं, “तिने मला धमकावलं,” आणि ते पूर्ण खोटं ठरलं नसतं. चहाडीपेक्षा हे वाईट होतं, आणि तिथपर्यंत आम्ही दोघी चांगल्या मनाने चालत आलो होतो.

सकाळी मी तिच्या कॉलेजच्या बसआधी तिला गाठलं आणि हे सांगितलं. ती भडकली. “तुम्हीच म्हणालात ना, आधी तिच्याशी बोल!”

“हो, मीच म्हणाले. तिच्याकडे काही मागू नकोस आणि तिने दिलेलं काही घेऊ नकोस, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. ते राहिलं. चूक माझी.”

बस गेली. ती पुढच्या बसपर्यंत माझ्याशी बोलली नाही, पण तिथून हललीही नाही.

संध्याकाळी तिने लिहिणारीला मेसेज केला: तू अर्ज भर. मी सोमवारी प्राचार्यांना भेटणार आहे. तुला आधी स्वतः जायचं असेल तर जा. आणि मग तिने असं काही ठरवलं जे मी सुचवलं नव्हतं आणि मला मान्यही नव्हतं. तिने स्वतः शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा नाही असं ठरवलं. मी म्हटलं, तू काही चुकीचं केलेलं नाहीस, निम्मी फी म्हणजे तुझ्या घरातही थोडी नाही. ती म्हणाली, “अर्ज भरला तर माझं बोलणं कुणी ऐकणार नाही, काकू. आणि मलाही नीट ऐकू येणार नाही.”

लिहिणारी गेली नाही. सोमवारी पाहणारी गेली. एक पान, स्वतःच्या अक्षरात, नऊ ओळी. त्यात ‘कागदावर काय होतं ते मला दिसलं नाही’ ही ओळ होती, आणि ‘मी निकाल लागल्यावर सांगते आहे, हे खरं आहे’ हीही. प्राचार्यांनी विचारलंच, आत्ता का? तिने भावाला केलेला मेसेज दाखवला. कमिटी बसली. लिहिणारीला बोलावलं, तिचं ऐकलं. ती म्हणाली, अभ्यासासाठी झाकणात सूत्रं चिकटवली होती, काढायची राहिली, पेपरात पाहिली नाहीत. कागद नव्हता, वीक्षकांची नोंद नव्हती. कमिटीने लेखी ताकीद देऊन प्रकरण बंद केलं आणि पुढच्या परीक्षेपासून कॅल्क्युलेटर झाकणाशिवाय आणायचे असा नियम लावला.

एवढ्या पुराव्यावर मीही यापेक्षा जास्त केलं नसतं. पाहणारीला मात्र ते लागलं. आपण खरं सांगितलं की बाकीच्यांना ते आपोआप दिसेल, असं तिला वाटत होतं.

आणि एका गोष्टीचा मला अजून संताप येतो. तिचं नाव कमिटीच्या खोलीबाहेर जायला नको होतं. दोन दिवसांत ते अख्ख्या वर्गाला माहीत झालं. कुणी सांगितलं, कुणी नोटशीट उघडी ठेवली, कळलं नाही. मुलं तिला ‘सीसीटीव्ही’ म्हणायला लागली. ती वर्गात शिरली की कुणीतरी म्हणायचं, कॅमेरा चालू झाला रे. नाव सांगून पुढे ये असं मी तिला म्हटलं होतं ते कमिटीपुढे आणि मैत्रिणीपुढे. सगळ्या वर्गापुढे तिला उभं करायचा अधिकार कॉलेजला नव्हता. भिंतीवर ‘नकल दिसल्यास कळवा’ असे फलक लावतात, मग कळवणाऱ्याचा कागद कुठल्या कपाटात राहणार आणि किल्ली कुणाकडे असणार, हे आधी ठरवायला नको का? मी पाहणारीच्या आईबरोबर जाऊन प्राचार्यांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वर्गात जाऊन मुलांना दम दिला. टोपणनाव महिनाभर अजून टिकलं.

न्यासाने शिष्यवृत्ती लिहिणारीला दिली. अर्ज तिचा एकटीचाच होता.

मार्चमध्ये एका दुपारी दारावर बेल वाजली. रोज डबा घेऊन येणारा मुलगा नव्हता, लिहिणारीची आई स्वतः होती, घामाने डबडबलेली, हातात माझा तीन पुडांचा डबा. ती आत आली नाही. “वहिनी, एक विचारते. त्या पोरीला तुम्ही सांगितलंत का, कॉलेजात जा म्हणून?”

हे आपण बोललोच नव्हतो असं म्हणता आलं असतं. मुलीने तिचं तिचं ठरवलं, असंही. तेही काही अंशी खरं होतं.

“हो,” मी म्हटलं. “ती माझ्याकडे आली होती. निनावी पत्र देऊ नकोस, नाव सांगून बोल, आणि पाहिलंस तेवढंच बोल, हे मीच सांगितलं.”

त्या बराच वेळ उंबऱ्याकडे बघत उभ्या होत्या. मग डबा माझ्या हातात दिला, कमरेच्या पिशवीतून छोटी वही काढली आणि महिन्याचे किती झाले ते सांगितलं. मी पैसे आणून दिले. त्यांनी ते दोनदा मोजले, माझ्या नावापुढे रेघ मारली आणि जिना उतरून गेल्या. डब्यात मेथीची भाजी होती, पोळ्या अजून गरम होत्या.